चित्रकथांमधून होणारा राजकीय आणि धार्मिक प्रचार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रचारकी चित्रकथा नेमकी कशाला म्हणायचे?

वाचकाने एखाद्या पक्षाकडे, पंथाकडे किंवा युद्धाकडे वळावे एवढ्याच हेतूने जी चित्रकथा काढली, छापली आणि वाटली जाते, तिला येथे प्रचारकी चित्रकथा म्हटले आहे. प्रत्येक कथेला काही ना काही सांगायचे असतेच आणि त्या हिशेबाने पंचतंत्रालाही प्रचार म्हणता येईल. म्हणून केवळ मजकुरावरून निवाडा न करता व्यवहार पाहावा लागतो. छपाईचा खर्च कोणी उचलला, पुस्तिका वाचकाच्या हाती कोणी ठेवली आणि शेवटचे पान त्याला काय करायला सांगते, हे तपासले की बहुतेक वेळा उलगडा होतो. मजकूर खरा की खोटा हा प्रश्न महत्त्वाचा असला, तरी तो वेगळा आहे. पुढे दिसेल की या प्रकारातील काही पुस्तिका अगदी खऱ्या आहेत.

प्रचारासाठी चित्रकथेचीच निवड का होते?

स्वस्त कागदावरची सोळा पानी पुस्तिका खिशात मावते, फुकट वाटता येते, अर्धसाक्षर माणसालाही कळते आणि मुलांच्या हातून घरातल्या मोठ्यांपर्यंत आपोआप पोहोचते. ही कारणे सर्वांना ठाऊक आहेत, पण खरे बळ दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या पट्टीत असते. अमेरिकी चित्रकथाकार आणि अभ्यासक स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ साली हा मुद्दा सविस्तर मांडला. एका चौकटीत उगारलेली कुऱ्हाड आणि पुढच्या चौकटीत शहरावर घुमणारी किंकाळी एवढेच काढलेले असले, तरी मधला खून वाचक स्वतःच मनात घडवून आणतो. भाषणातले विधान ऐकणारा निदान मनातल्या मनात तरी त्याच्याशी वाद घालू शकतो. मात्र जे आपणच पूर्ण केले आहे, त्याच्याशी वाद घालणे कठीण जाते. प्रचारकाला नेमके हेच हवे असते. शत्रूने केलेला अत्याचार काढावाच लागत नाही, फक्त त्याच्या आधीचा आणि नंतरचा क्षण काढला की पुरते.

हा प्रकार केव्हापासून आहे?

आजच्या अर्थाने कॉमिक्स जन्माला येण्याच्या कितीतरी आधीपासून. १५२१ साली जर्मनीत, पोपच्या सत्तेला आव्हान देणारे धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांच्या बाजूने निघालेल्या एका पुस्तिकेत लुकास क्रानाख यांच्या कार्यशाळेतली लाकडी ठशांची चित्रे जोडीजोडीने छापली होती. एका पानावर शिष्यांचे पाय धुणारा येशू आणि समोरच्या पानावर आपल्या पायांचे चुंबन घ्यायला लावणारा पोप, अशी ती मांडणी होती. निष्कर्ष शब्दांत लिहिण्याची गरजच नव्हती, कारण वाचक तो दोन पानांच्या मधे स्वतः काढत होता.

टिनटिनलाही प्रचार म्हणायचे का?

पहिल्या दोन कथांपुरते तरी निःसंशय म्हणावे लागेल. टिनटिन या बेल्जियन चित्रकथांतील तरुण वार्ताहराची पहिली कथा जानेवारी १९२९ पासून ब्रुसेल्समधील एका कट्टर कॅथलिक दैनिकाच्या बालपुरवणीत क्रमशः येऊ लागली. दैनिकाचे संचालक नॉर्बर्ट वाले हे धर्मगुरू होते, आणि बेल्जियममधील मुलांच्या मनात साम्यवादाबद्दल धास्ती बसावी, ही त्यांची इच्छा होती. चित्रकार एर्जे यांनी सोव्हिएत रशिया पाहिलेला नव्हता. त्यांच्या हाताशी मुख्यतः रशियात राहिलेल्या एका माजी बेल्जियन वाणिज्यदूताचे पुस्तक होते, आणि पिस्तूल रोखून ‘विरोध करणाऱ्यांनी हात वर करावेत’ असे विचारणाऱ्या निवडणुकीचा प्रसंग त्यातूनच आला. कथा संपल्यावर, मे १९३० मध्ये, टिनटिनच्या वेशातील एका मुलाला ब्रुसेल्सच्या स्थानकावर आगगाडीतून उतरवण्यात आले आणि त्याच्या स्वागताला मोठी गर्दी लोटली.

दुसरी कथा बेल्जियन कांगोत घडते. तिच्या मूळ आवृत्तीत टिनटिन तिथल्या काळ्या मुलांना वर्गात ‘तुमचा देश बेल्जियम’ या विषयावर धडा देतो. १९४६ साली रंगीत आवृत्तीसाठी कथा पुन्हा काढली तेव्हा त्या जागी अंकगणिताचा धडा आला. फळ्यावरचा मजकूर बदलला, तरी गोऱ्या पोराने वर्ग घ्यायचा आणि आफ्रिकी मुलांनी माना खाली घालून बसायचे ही रचना तशीच राहिली. प्रचार पुसण्याचा हा प्रयत्न मूळ प्रचारापेक्षा अधिक बोलका आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. रशियावरची कथा मात्र एर्जे यांनी १९७३ पर्यंत पुन्हा बाजारात येऊच दिली नव्हती.

अमेरिकेतील महानायक सरकारच्या सांगण्यावरून हिटलरशी लढत होते का?

सुरुवातीला तसे नव्हते. कॅप्टन अमेरिका हिटलरच्या जबड्यावर ठोसा लगावतो आहे, हे गाजलेले मुखपृष्ठ डिसेंबर १९४० मध्ये विक्रीला आले, म्हणजे पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या जवळजवळ वर्षभर आधी. त्या वेळी अमेरिका युद्धात नव्हती आणि तिने युद्धात पडू नये असे मानणारा वर्ग मोठा होता. जो सायमन आणि जॅक कर्बी हे त्याचे निर्माते ज्यू होते. युरोपात काय चालले आहे हे त्यांना दिसत होते आणि त्यांनी आपल्या बुद्धीने बाजू घेतली होती. धमक्या आल्या, तेव्हा न्यूयॉर्कच्या महापौरांनी त्यांना संरक्षणाचे आश्वासन दिले. त्याच्या काही महिने आधी, एप्रिल १९४० मध्ये, जर्मनीतील एस. एस. या नाझी निमलष्करी संघटनेच्या मुखपत्राने सुपरमॅनवर आणि त्याच्या ज्यू लेखकावर तोंडसुख घेतले होते. मुसोलिनीच्या इटलीने तर १९३८ मध्येच अमेरिकी चित्रकथांवर बंदी घातली, त्यातून मिकी माऊसला तेवढे वगळले.

युद्ध सुरू झाल्यावर चित्र पालटले. सरकारी पैशावर चालणारे, पण कागदोपत्री खाजगी असलेले लेखकांचे एक मंडळ प्रकाशकांना कथानके सुचवू लागले. याच काळात जपानी माणूस सुळे असलेला, पिवळ्या कातडीचा प्राणी म्हणून रंगवला जाऊ लागला. जपानी वंशाच्या अमेरिकी नागरिकांना छावण्यांत डांबले जात असताना ही चित्रे प्रत्येक कोपऱ्यावरच्या दुकानात दहा सेंटला मिळत होती.

कॉमिक्सला विरोध करणाऱ्या चर्चनेच कॉमिक्स छापली, हे खरे आहे का?

होय, आणि दोन्ही गोष्टी एकाच दशकात घडल्या. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत कॅथलिक शाळांच्या आवारात मुलांकडून कॉमिक्सच्या होळ्या पेटवून घेतल्या गेल्या. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथील १९४८ ची होळी त्यांपैकी विशेष गाजली. त्याच्या आदल्याच वर्षी मिनेसोटातील सेंट पॉल येथून एका कॅथलिक प्रकाशन संस्थेने अमेरिका साम्यवाद्यांच्या हाती गेल्यास काय होईल, हे दाखवणारी पुस्तिका काढली होती. मुखपृष्ठावर जळता राष्ट्रध्वज होता, आत कटकारस्थाने, उपासमार आणि धर्मगुरूंची हत्या होती, आणि तिच्या सुमारे ४० लाख प्रती छापल्या गेल्याचे मानले जाते. जी हिंसा विकाऊ कॉमिक्समध्ये मुलांना बिघडवणारी ठरत होती, तीच इथे त्यांना सावध करणारी ठरली.

कॅथलिक शाळांमध्ये वर्गणीने दिले जाणारे एक पाक्षिक १९४६ ते १९७२ पर्यंत चालले. त्यात १९६१ साली साम्यवादाविरुद्ध एक दीर्घ मालिका आली आणि तिच्यासोबत एफ. बी. आय.चे प्रमुख जे. एडगर हूवर यांचे पत्र छापले होते. गंमत म्हणजे त्याच पाक्षिकाने १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या एका उमेदवाराची मालिका चालवली, शेवटच्या भागापर्यंत त्याचा चेहरा लपवून ठेवला आणि अखेर तो कृष्णवर्णीय असल्याचे दाखवले. एखादी संस्था प्रचार करते म्हणून ती नेहमी एकच गोष्ट सांगते, असे समजण्याचे कारण नाही.

जॅक चिक हे नाव सारखे ऐकू येते. ते कोण होते?

जॅक चिक (१९२४–२०१६) हे कॅलिफोर्नियातील कडव्या प्रोटेस्टंट मताचे चित्रकथाकार आणि प्रकाशक होते. धार्मिक प्रचारासाठी चित्रकथेचा इतका चिवट वापर दुसऱ्या कोणा एका माणसाने केल्याचे दिसत नाही. तळहाताएवढ्या आडव्या, काळ्या-पांढऱ्या, सुमारे चोवीस पानांच्या त्यांच्या पुस्तिकांच्या कोट्यवधी प्रती निघाल्या आणि कित्येक भाषांत त्यांची भाषांतरे झाली.

ही कल्पना त्यांना जिथून मिळाली ती जागा मोठी विलक्षण आहे. चीनमध्ये तळहातात मावणाऱ्या चित्रपुस्तिकांची जुनी परंपरा होती. गल्लीबोळांतल्या दुकानांत त्या भाड्याने मिळत, आणि साम्यवाद्यांनी सत्तेवर आल्यानंतर त्यांचा प्रचारासाठी पद्धतशीर वापर केला. हे एका मिशनरी प्रसारकाकडून चिक यांच्या कानावर आले, आणि माओच्या पक्षाला जे साधले ते शुभवर्तमानाला का साधू नये, असा विचार त्यांनी केला. साम्यवादाला सैतानाचे काम मानणाऱ्या माणसाने आपले मुख्य हत्यार साम्यवाद्यांकडूनच उचलले.

त्यांची सर्वांत प्रसिद्ध पुस्तिका १९६४ ची आहे. खाऊनपिऊन सुखी असलेला एक माणूस अचानक मरतो, देवदूत त्याला थडग्यातून उठवून नेतो, आणि त्याचे अवघे आयुष्य, चोरून मारलेल्या नजरांसकट, त्याच्यासमोर पडद्यावर दाखवले जाते. शेवटी प्रचंड सिंहासनावर बसलेला, चेहरा नसलेला देव त्याला अग्निकुंडात टाकण्याची आज्ञा देतो. मग कथा मागे जाते आणि तोच माणूस वेळीच पश्चात्ताप करून तरला असता तर काय झाले असते, ते दाखवते. अखेरच्या पानावर म्हणायची प्रार्थना छापलेली असते आणि तुम्ही येशूचा स्वीकार केला का, असा प्रश्न विचारून होय किंवा नाही यावर खूण करायला जागा ठेवलेली असते. मागच्या बाजूला स्थानिक चर्चने आपला शिक्का मारावा म्हणून एक चौकोन कोरा असतो. सार्वजनिक दूरध्वनीच्या खोलीत, बसच्या बाकावर, प्रसाधनगृहात पुस्तिका ठेवून निघून जायचे, ही वाटपाची रीत होती. प्रचारकाला वाचकाच्या समोर उभे राहून नकार ऐकण्याची पाळीच येत नसे.

नुसते तारणाचे आवाहन असते तर चिक यांच्याबद्दल एवढे लिहिले गेले नसते. त्यांच्या पुस्तिकांनी कॅथलिक पंथ, इस्लाम, हिंदू धर्म, मॉर्मन, समलिंगी व्यक्ती, उत्क्रांतिवाद आणि रॉक संगीत या सर्वांना सैतानाच्या एकाच कटात गुंफले. १९७९ पासून त्यांनी आपण पूर्वी जेझुइट या कॅथलिक संघाचे धर्मगुरू होतो असे सांगणाऱ्या एका व्यक्तीच्या कथित अनुभवांवर रंगीत चित्रकथा काढल्या. त्या व्यक्तीचे दावे इव्हँजेलिकल, म्हणजे धर्मप्रसारावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट, नियतकालिकांनीच खोडून काढले आणि ख्रिस्ती पुस्तकविक्रेत्यांच्या संघटनेशी बिनसल्यावर चिक त्यातून बाहेर पडले. तरीही छपाई थांबली नाही. पुस्तिकांमधली वास्तवदर्शी, छायाप्रकाशाने भरलेली चित्रे बहुतांशी फ्रेड कार्टर या कृष्णवर्णीय चित्रकाराची होती आणि कित्येक वर्षे त्यांचे नावही छापले जात नव्हते.

चिक यांनी आपला हेतू कधी लपवला नाही, एवढे मात्र मान्य करावे लागते.

गुप्तहेर संस्थांनी चित्रकथा वाटल्या, ही दंतकथा आहे का?

दंतकथा नाही. १९८३ मध्ये निकाराग्वातील सँडिनिस्टा सरकार खिळखिळे करण्यासाठी सी. आय. ए.ने स्पॅनिश भाषेतील एक सोळा पानी सचित्र पुस्तिका पसरवली. तिच्यात सामान्य नागरिकाने सरकारला त्रास कसा द्यावा, ते चौकटीचौकटीने दाखवले होते. कामावर उशिरा जाणे आणि दिवे व नळ चालू ठेवणे येथून सुरुवात होते आणि पानागणिक पायरी चढत जाळपोळीपर्यंत मजल जाते. पहिल्या पानावरची कृती इतकी क्षुल्लक आहे की ती केल्याचा गुन्हा वाटू नये, आणि वाचक एकदा पायरी चढला की पुढची पायरी फार उंच दिसत नाही. पुस्तिकेतला माणूस चांगला हसतमुख काढला आहे.

ब्रिटिशांची पद्धत अधिक मुरलेली होती. परराष्ट्र खात्याच्या एका गुप्त विभागाने १९५० च्या सुमारास जॉर्ज ऑर्वेल यांच्या प्राण्यांच्या रूपककथेची वृत्तपत्रीय चित्रमालिका तयार करून घेतली. नॉर्मन पेट हे चित्रकार होते. ही मालिका आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतील देशांत पुरवली गेली. रोज सकाळी ती पाहणाऱ्याला ती लंडनच्या सरकारी कचेरीतून आली असेल, अशी शंका येण्याचे काही कारण नव्हते.

सत्य सांगणारी, चांगल्या कामासाठी काढलेली चित्रकथाही प्रचारच का?

वरची व्याख्या प्रामाणिकपणे लावायची तर होय. अमेरिकेतील ‘फेलोशिप ऑफ रिकन्सिलिएशन’ या शांततावादी संस्थेने अलाबामा राज्यातील माँटगोमेरी येथे बसमधील वर्णभेदाविरुद्ध कृष्णवर्णीयांनी घातलेल्या बहिष्कारावर १९५७ च्या अखेरीस सोळा पानी चित्रकथा काढली आणि तिच्या सुमारे अडीच लाख प्रती छापल्या. मार्टिन ल्यूथर किंग यांनी स्वतः ती नजरेखालून घातली होती. ती चर्च, शाळा आणि नागरी हक्क संघटनांमार्फत दक्षिणेकडील राज्यांत फिरली. तिच्यात काही पाने गांधीजींना दिलेली आहेत. एका लंगोटीधारी माणसाने बंदुकीशिवाय साम्राज्य कसे हलवले, हे सांगून झाल्यावर शेवटच्या भागात ‘माँटगोमेरी पद्धत’ समजावली आहे. शिवी आली तर काय करायचे, मार पडला तर काय करायचे, समोरचाही माणूसच आहे हे मनात कसे धरायचे, याचे ते पाठ आहेत.

म्हणजे खर्च संस्थेचा, वाटप संस्थेचे आणि शेवटी कृतीचे आवाहनही आहे. रचनेच्या दृष्टीने निकाराग्वाची पुस्तिका आणि ही पुस्तिका सख्ख्या बहिणी आहेत. फरक असा की हिच्यात विरोधकाचा चेहरा विद्रूप केलेला नाही आणि किंमत वाचकाने स्वतः मोजायची आहे, दुसऱ्याकडून वसूल करायची नाही. पुढे अमेरिकी संसदेचे सदस्य झालेले कृष्णवर्णीय नेते जॉन लुईस यांच्यावर तरुणपणी या पुस्तिकेचा खोल प्रभाव पडला, आणि त्यांनी आपले चरित्र २०१३ ते २०१६ या काळात तीन भागांच्या चित्रकथेतूनच मांडले. माँटगोमेरीच्या पुस्तिकेचे २००८ मध्ये अरबी भाषांतर झाले आणि प्रती कैरोत वाटल्या गेल्या. गांधीजींचा सत्याग्रह भारतातून अलाबामात आणि तिथून दहा सेंटच्या कागदावर बसून नाईलच्या काठी पोहोचला, हा प्रवास आपल्याकडे फारसा माहीत नाही.

अमर चित्र कथा ही प्रचाराची मालिका होती का?

मराठी वाचकांना सर्वांत अडचणीत टाकणारा प्रश्न हाच आहे, कारण ही पुस्तके कोणी आपल्यावर लादली नव्हती. ती आपण खाऊच्या पैशांतून घेतली, वाचनालयातून आणली आणि पानांचे तुकडे पडेपर्यंत वाचली.

मालिकेचे जनक अनंत पै (१९२९–२०११) मूळचे कर्नाटकातील कारकळचे, पण त्यांची कर्मभूमी मुंबई होती. त्याआधी ते टाइम्स समूहात इंद्रजाल कॉमिक्सवर काम करत होते, म्हणजे आपला वेताळही त्यांच्या हाताखालून गेला आहे. १९६७ मध्ये दिल्लीत दूरदर्शनवरील प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक देवतांची उत्तरे येतात, पण रामाच्या आईचे नाव सांगता येत नाही, हे पाहून आपण ही मालिका काढली, असे पै सांगत. मालिकेच्या दृश्य रूपाचे श्रेय मात्र मोठ्या प्रमाणात राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम यांसारख्या मराठी चित्रकारांना जाते. भारतातल्या दोन-तीन पिढ्यांच्या डोळ्यांपुढे कृष्ण किंवा शिवाजी महाराज म्हणून जे रूप येते, त्यावर या मंडळींच्या कुंचल्याची छाप आहे.

आक्षेप काय आहेत? देव आणि नायक उजळ व सडसडीत, राक्षस काळे आणि राकट, ही वर्णव्यवस्था चित्रांतून शिकवली गेली. ‘भारतीय’ म्हणजे मुख्यतः हिंदू पुराणे आणि राजपूत-मराठा शौर्य, असा समज घट्ट झाला. जोहार करणाऱ्या आणि पतिव्रता स्त्रियांचे गौरवीकरण झाले. वाल्मीकींना आधी दरोडेखोर दाखवल्याबद्दल उत्तर भारतातील वाल्मीकी समाजाने निषेध नोंदवला होता. नंदिनी चंद्रा आणि कार्लाइन मॅक्लेन या अभ्यासकांनी या विषयावर सविस्तर लिहिले आहे. दुसऱ्या बाजूने हेही सांगायला हवे की याच मालिकेत अकबर, चांदबीबी, नूरजहाँ आणि टिपू सुलतान यांच्यावर स्वतंत्र अंक आहेत, आणि राष्ट्रीय एकात्मता हा पैंचा घोषित हेतू होता.

प्रस्तुत लेखकाला यातला सर्वांत बोलका धागा पैंनी आपल्या संपादकीय धोरणासाठी वापरलेल्या श्लोकात सापडतो. ‘सत्यं ब्रूयात् प्रियं ब्रूयात् न ब्रूयात् सत्यमप्रियम्’ म्हणजे खरे बोलावे, गोड बोलावे, पण अप्रिय सत्य बोलू नये. हा श्लोक मनुस्मृतीतला आहे. याच मालिकेने १९७९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर अंक काढला. ज्या ग्रंथाचे २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला दहन झाले, त्याच ग्रंथातील नियमाने आखलेल्या चौकटीत त्या दहनाच्या नेत्याचे चरित्र बसवायचे होते. अप्रिय सत्य वगळायचे ठरवल्यावर आंबेडकरांच्या आयुष्यात उरते काय?

निवाडा द्यायचाच तर असा देता येईल : पैसा वाचकाचा होता, सक्ती नव्हती आणि शेवटच्या पानावर कोणते आवाहनही नव्हते. म्हणून जुनी अमर चित्र कथा सरळ प्रचाराच्या खात्यात टाकता येत नाही. तिने एक राष्ट्रकल्पना मात्र घडवली, आणि ती गाळलेल्या चौकटींमधून घडवली. अलीकडच्या काही अंकांची गोष्ट निराळी आहे. स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवानिमित्त २०२२ मध्ये स्वातंत्र्यलढ्यातील अप्रसिद्ध स्त्रियांवरचे पुस्तक आणि २०२३ पासूनची पंतप्रधानांच्या ‘मन की बात’ या आकाशवाणी कार्यक्रमावरील मालिका केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाच्या सहकार्याने निघाली. तिथे खर्च आणि वाटपाचा प्रश्न पुन्हा विचारावाच लागतो.

या चौकटीला उत्तर देणाऱ्या चित्रकथा निघाल्या का?

निघाल्या, आणि दोन ठळक उदाहरणांचा संबंध थेट महाराष्ट्राशी आहे. दोन्ही २०११ मध्ये ‘नवयान’ या जातिविरोधी प्रकाशनाने इंग्रजीत काढली. एकात प्रधान गोंड परंपरेतील दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांनी आंबेडकरांच्या पाणी, निवारा आणि प्रवास यांतील अपमानाच्या प्रसंगांना चित्ररूप दिले. त्यांनी चौकोनी चौकटी नाकारल्या, कारण माणसांना डब्यात कोंडणे त्यांना मान्य नव्हते. सौम्य माणसाचे संवाद पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात येतात आणि विषारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. दुसऱ्या पुस्तकात महात्मा फुले यांच्या १८७३ च्या ‘गुलामगिरी’चा आधार घेतला आहे. फुल्यांनी आपले पुस्तक अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केले होते, त्यामुळे अमेरिकेतील वर्णसंघर्षाशी त्याचे नाते जोडणे चित्रकर्तीला ओढूनताणून करावे लागले नाही. ही पुस्तके बाजू घेतात आणि तसे उघडपणे सांगतात.

‘मार्मिक’ या यादीत येते का?

तांत्रिकदृष्ट्या नाही. ऑगस्ट १९६० मध्ये बाळासाहेब ठाकरे यांनी सुरू केलेले हे साप्ताहिक व्यंगचित्रांचे होते. एका चौकटीचे व्यंगचित्र वाचकाला आधीच ठाऊक असलेल्या घटनेवर भाष्य करते, तर चित्रकथा घटना स्वतः घडवते. शिवाय ठाकरे यांची शिवसेना ही संघटना उभी राहण्यात चित्रांइतकाच, कदाचित अधिक, वाटा ‘वाचा आणि थंड बसा’ या सदरातील अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या कोरड्या याद्यांचा होता. शिवसेनेची स्थापना १९ जून १९६६ रोजी झाली.

निवडणुकीत चित्रकथा वाटणे भारतात कायदेशीर आहे का?

वाटण्यास मनाई नाही, मात्र बंधने आहेत. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२७-अ प्रमाणे निवडणुकीसंबंधीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे व पत्ते छापणे बंधनकारक आहे. उल्लंघन झाल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. धर्म, जात किंवा भाषेच्या आधारे वैर वाढवणारा मजकूर भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली आणि धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावणारा मजकूर कलम २९९ खाली येतो. चित्रांना यातून सूट नाही.

नेत्याचे चरित्र चित्रकथेत आणण्याची प्रथा जुनी आहे. १९४८ मध्ये अमेरिकेतील डेमोक्रॅटिक पक्षाने हॅरी ट्रुमन यांच्या सचित्र चरित्राच्या तीस लाख प्रती वाटल्या होत्या. भारतात २०१४ च्या लोकसभा निवडणुकीच्या सुमारास नरेंद्र मोदी यांच्या बालपणावरील ‘बाल नरेंद्र’ ही चित्रकथा गुजरातेतील एका प्रकाशनाने काढली, आणि तिच्यातला मगरीचा प्रसंग सर्वाधिक चर्चिला गेला.

अशा पुस्तिकांचा खरोखर परिणाम होतो का?

मोजून सिद्ध करणे जवळजवळ अशक्य आहे. ट्रुमन अनपेक्षितपणे निवडून आले, म्हणून पुस्तिकेच्या छपाईदारांनी श्रेय घेतले, पण हरले असते तर तिचे नावही कोणी काढले नसते. पटलेल्याला अधिक पटवण्याचे काम त्या उत्तम करतात, विरोधकाचे मन बदलल्याचे दाखले मात्र विरळ आहेत.

मुलाच्या हाती अशी पुस्तिका आली तर ती काढून घ्यावी का?

काढून घेतल्याने तिचे आकर्षण वाढते. शेजारी बसून ती वाचावी आणि कोणाचा चेहरा कुरूप काढला आहे, कोण कधीच बोलत नाही आणि दोन चौकटींच्या मधे काय झाले असेल, हे मुलालाच विचारावे. मुलांना हा खेळ लवकर जमतो.

मूळ पुस्तिका आज पाहायला मिळतात का?

बहुतेक मिळतात. सेंट पॉलची साम्यवादविरोधी पुस्तिका आणि निकाराग्वातील पुस्तिका आंतरजालावरील संग्रहांत पूर्ण वाचता येतात. माँटगोमेरीच्या चित्रकथेची नवी छापील आवृत्ती निघाली आहे. टिनटिनच्या दोन्ही सुरुवातीच्या कथा विकत मिळतात, मात्र इंग्रजीत कांगोची मूळ कृष्णधवल आवृत्ती हवी असल्यास ती वेगळी मागावी लागते, नाहीतर अंकगणिताचा धडाच हाती येतो. चिक यांच्या संस्थेची छपाई त्यांच्या मृत्यूनंतरही सुरू आहे. अमर चित्र कथेचे जुने मराठी अंक रद्दीवाल्यांकडे आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांत अधूनमधून सापडतात. त्यांची नव्या छपाईशी तुलना करायची असेल, तर मुखपृष्ठाच्या आतली श्रेयनामावली आधी पाहावी.